बीके व्हायरस वाढला म्हणून औषधं कमी केली, मग रिजेक्शन होणार नाही का?

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. धाकट्या भावाचं, वय 34, सहा महिन्यांपूर्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी आईनं दिली. ऑपरेशनच्या वेळी एटीजी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी कमी करणारं इंजेक्शन, दिलं होतं. सीएमव्ही या दुसऱ्या एका व्हायरसपासून बचावासाठी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी तीन महिने चालली आणि बंद झाली. आता क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) 1.2 वरून 1.6 वर गेलंय आणि रक्तात बीके व्हायरस 18,000 कॉपीज निघाला. खात्री करायला तुम्ही आठवड्यानं दुसऱ्या लॅबमध्ये तपासणी केली, तिथे 42,000 आला. डॉक्टरांनी मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध निम्म्यावर आणलं. घरी सगळे घाबरलेत, कारण ‘औषधं कमी केली की रिजेक्शन होतं’, म्हणजे शरीर नवी किडनी नाकारतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. व्हायरसवर सरळ औषध का देत नाहीत, सीएमव्हीची गोळी बंद केल्यामुळे हे झालं का, घरात काय सांभाळायचं, आणि हा व्हायरस आईच्या किडनीतून आला असेल तर आईंना काही धोका आहे का, हे बाकीचे प्रश्न.

व्हायरसच्या आकड्यानं तुम्ही हादरलात, पण मला त्यापेक्षा क्रिएटिनिन जास्त महत्त्वाचं वाटतं. ते बीकेमुळेच वाढलं असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असूही शकतं, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून ते ठरत नाही. सहाव्या महिन्यात क्रिएटिनिन एक तृतीयांशानं वाढायला निदान पाच कारणं असतात: बीकेनं किडनीत केलेली जळजळ, रिजेक्शन, टॅक्रोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली लेव्हल जास्त होणं, लघवीच्या नळीत अडथळा, आणि अंगातलं पाणी कमी होणं किंवा लघवीचं इन्फेक्शन. यातल्या पहिल्या दोघांचे उपचार एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. बीके असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करायची, रिजेक्शन असेल तर वाढवायची. म्हणून ‘औषध कमी केलं ते बरोबर की चूक’ याचं उत्तर किडनीत नेमकं काय चाललंय यावर अवलंबून आहे. भावाची टॅक्रोलिमस लेव्हल किती, लघवीत प्रोटीन जातंय का, सोनोग्राफी झाली का, आधी कधी रिजेक्शनचा उपचार झालाय का, आईच्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडीज म्हणजे डीएसए तपासल्यात का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. त्यामुळे मी भावाच्या डोसबद्दल सल्ला देणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी असं का केलं असावं आणि पुढे काय व्हायला हवं, तेवढं सांगतो.

बीके हा पॉलिओमा जातीचा व्हायरस. बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो, साध्या सर्दीइतकाही त्रास देत नाही आणि मग किडनी आणि मूत्रमार्गाच्या पेशींत जन्मभर झोपून राहतो. मोठ्या माणसांत दहापैकी आठ-नऊ जणांच्या रक्तात त्याच्या अँटिबॉडीज सापडतात. धडधाकट माणसाच्या टी-पेशी त्याला दाबून ठेवतात. ट्रान्सप्लांटनंतर आपण मुद्दाम याच टी-पेशींना आवर घालतो. एटीजी तर त्यांची संख्याच पाडतं आणि ती भरून यायला महिने लागतात. 1990च्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट हे जोडऔषध रुळलं, रिजेक्शनचं प्रमाण खाली आलं, आणि त्याच सुमारास बीकेमुळे किडन्या खराब होताना दिसू लागल्या. हा योगायोग नाही. रक्तातला बीके म्हणजे या माणसाची प्रतिकारशक्ती गरजेपेक्षा जास्त दाबली गेली आहे, असं मी वाचतो. ती किती दाबली गेली हे नेमकं मोजणारी दुसरी चांगली तपासणी आपल्याकडे नाही, म्हणून या रिपोर्टला मी फार मान देतो.

व्हायरस ठरावीक क्रमानं पुढे सरकतो. आधी तो लघवीत दिसतो, ट्रान्सप्लांट झालेल्यांपैकी साधारण 30 ते 40 टक्क्यांत. नुसता लघवीत असला तर उपचार लागत नाही, लक्ष ठेवायचं. काही आठवड्यांनी त्यातल्या काहींच्या रक्तात तो येतो, एकूण 10 ते 20 टक्क्यांत. त्यानंतर किडनीच्या नलिकांना इजा होते. क्रिएटिनिन वाढतं ते सगळ्यात शेवटी. म्हणजे क्रिएटिनिन वाढण्याची वाट बघत बसलं तर एक टप्पा हातातून गेलेला असतो. यासाठीच सध्याच्या शिफारशी नवव्या महिन्यापर्यंत दर महिन्याला आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तातला बीके तपासायला सांगतात. खर्चामुळे आपल्याकडे अनेकांची मधली एखादी तपासणी चुकते. भावाची याआधीची तपासणी कधी झाली होती आणि तिचा आकडा काय होता, हे फाइलमध्ये शोधा. महिन्यापूर्वी तो शून्य असेल तर एक अर्थ, 3,000 असेल तर दुसरा.

आता 18,000 आणि 42,000. ‘आठवड्यात दुपटीहून जास्त वाढला’ असा अर्थ काढू नका. बीकेची ही तपासणी म्हणजे पीसीआर; तिच्यात व्हायरसच्या जीनचा तुकडा पुन्हापुन्हा दुप्पट करून मोजतात, त्यामुळे हा आकडा साखरेच्या रिपोर्टसारखा वाचायचा नसतो. एकाच लॅबमध्ये एकाच नमुन्याचे दोन आकडे सहज मागेपुढे येतात. तिपटीपेक्षा कमी फरक असेल तर खरोखर काही बदललं असं आम्ही धरत नाही. तुमचा फरक सव्वादोन पटींच्या आसपास आहे, शिवाय लॅबही वेगळी. लॅब बदलली की मशीन, किट, प्लाझ्मा घेतला की संपूर्ण रक्त, एकक कॉपीज की इंटरनॅशनल युनिट्स, सगळंच बदलतं. यापुढे एकच लॅब धरा, प्लाझ्माच द्या, आणि तारखांसह आकडे एका कागदावर उतरवत जा. दोन्ही लॅबचं मत मात्र एकच आहे: आकडा 10,000 च्या वर आहे. या पातळीवर किडनीतही बीकेचा शिरकाव झालेला असण्याची शक्यता बरीच वाढते, बायोप्सी केलेली नसली तरी. आकडा 1,000 च्या वर दोन-तीन आठवडे टिकून राहिला तरी औषधं कमी करायला सुरुवात करतात. म्हणजे डॉक्टरांनी हात आखडता घेतला त्याला भक्कम आधार आहे.

अशा रुग्णात मी स्वतः क्रम असा ठेवतो. पहिल्याच दिवशी टॅक्रोलिमस लेव्हल, लघवीची तपासणी आणि कल्चर, प्रोटीन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि किडनीची, रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलरसह सोनोग्राफी. लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी घ्यायचं. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर लेव्हल खोटीच जास्त येते आणि त्यावर डोस कमी झाला तर खरोखरच रिजेक्शनला आमंत्रण मिळतं. ही चूक फार वरचेवर होते आणि रिपोर्टवर ती कुठेच दिसत नाही. सोनोग्राफी लागते कारण बीके लघवीची नळीही अरुंद करू शकतो आणि नळी तुंबली तरी क्रिएटिनिन असंच वाढतं. डीएसए त्याच आठवड्यात पाठवतो. हे सगळं ठीक असेल आणि क्रिएटिनिन तरीही वाढलेलं असेल, तर बायोप्सी.

बायोप्सीला घरचे घाबरतात. पण ट्रान्सप्लांटची किडनी पोटात पुढच्या बाजूला, कातडीच्या जवळ असते. सोनोग्राफीत बघत सुई घालतात, जागा बधिर करून. रक्तस्राव हा मुख्य धोका, म्हणून आधी रक्तदाब आवाक्यात हवा, प्लेटलेट्स आणि रक्त गोठण्याची तपासणी ठीक हवी, आणि अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते आधी सांगायला हवं. तुकडे निदान दोन घ्यायला हवेत आणि त्यात किडनीचा आतला भाग, मेड्युला, यायला हवा, कारण बीके तिथून सुरू होतो आणि ठिगळाठिगळानं पसरतो. सुई निरोगी ठिगळात गेली तर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. 10 ते 30 टक्के वेळा असं होऊ शकतं. पॅथॉलॉजिस्टला ‘बीके पॉझिटिव्ह आहे, एसव्ही40 स्टेन करा’ हे आधी कळवलेलं हवं. नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली बीके आणि रिजेक्शन एकमेकांसारखे दिसतात. दोन्हींत नलिकांच्या भिंतीत पांढऱ्या पेशी घुसलेल्या असतात. या स्टेननं व्हायरस असलेल्या पेशी रंगतात आणि गोंधळ बराचसा मिटतो. पूर्ण मिटतोच असं नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीला सूज किंवा सी4डी (अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण) पॉझिटिव्ह असेल तर रिजेक्शनकडे कल जातो. दोन्ही एकत्र असू शकतात; तेव्हा आधी स्टिरॉइडनं रिजेक्शन शमवून मग औषधं खाली आणायची असा मार्ग बरेच जण घेतात, पण तिथे प्रत्येक केसचा हिशोब निराळा.

औषध कमी करणं म्हणजे औषध सोडणं नव्हे. बहुतेक रुग्ण तीन औषधांवर असतात: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन. पहिल्या पायरीला मायकोफेनोलेट निम्मं होतं. ते दोन प्रकारांत मिळतं. मोफेटिल असेल तर दिवसाचे 2 ग्रॅम असतील ते 1 ग्रॅमवर येतं; सोडियमची 360 मिलिग्रॅमची गोळी असेल तर 720 दोनदाऐवजी 360 दोनदा. मोफेटिलची 500 आणि सोडियमची 360 साधारण सारख्या ताकदीच्या आहेत, हे केमिस्टकडे ब्रँड बदलला की लोकांच्या लक्षात येत नाही आणि डोस नकळत बदलतो. दुसऱ्या पायरीला टॅक्रोलिमसची लेव्हल आधी 5च्या आसपास, आणि गरज पडली तर 3 पर्यंत खाली आणतात. काही सेंटर आधी टॅक्रोलिमसला हात लावतात, मग मायकोफेनोलेटला. दोन्ही रीती मान्य आहेत आणि एक दुसरीहून सरस ठरलेली नाही, म्हणून ‘अमक्या हॉस्पिटलमध्ये उलटं करतात’ याचं ओझं घेऊ नका. चार आठवड्यांत व्हायरसचा आकडा दहापटीनं खाली आला नाही तर पुढची पायरी. त्यात मायकोफेनोलेट पूर्ण बंद करणंही येतं. स्टिरॉइड सहसा कमी डोसवर तसंच राहतं.

रिजेक्शनचा धोका खरा आहे, मी तो नाकारत नाही. म्हणूनच प्रत्येक पायरीनंतर क्रिएटिनिन दर एक ते दोन आठवड्यांनी, बीके दर दोन ते चार आठवड्यांनी आणि टॅक्रोलिमस लेव्हल डोस बदलल्यावर आठवड्याभरात तपासायची. आईची किडनी असल्यानं जुळणी निदान अर्धी आहे, ही भावाच्या बाजूची गोष्ट. आधी रिजेक्शन झालेलं असेल किंवा डीएसए पॉझिटिव्ह असेल तर हात जास्त जपून चालवावा लागतो. आणि एक विचित्र प्रकार माहीत असू द्या: व्हायरस उतरणीला लागल्यावर परतलेल्या टी-पेशी किडनीतल्या व्हायरसवर तुटून पडतात आणि क्रिएटिनिन काही काळ थोडं वाढतं. अशा वेळी घाईनं स्टिरॉइडचे मोठे डोस दिले तर व्हायरस परत उसळतो. पुन्हा बायोप्सी लागू शकते ती इथे.

थेट औषध का नाही, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर शरीरात जाऊन गॅन्सिक्लोव्हिर होतं, पण ते कामाला लागतं सीएमव्हीच्या स्वतःच्या एका एन्झाइममुळे. बीकेकडे ते एन्झाइमच नाही. स्वतःची प्रत काढायला तो आपल्या पेशीचीच यंत्रणा वापरतो, त्यामुळे त्याला मारणारं औषध आपल्या पेशींनाही झोडपतं. सिडोफोव्हिर वापरलं गेलं, ते किडनीलाच विषारी. लेफ्लुनोमाइडचा फायदा सिद्ध झालेला नाही. लेव्होफ्लॉक्सॅसिनवर बरीच आशा होती, पण 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत त्याचा उपयोग दिसला नाही. तरी ते अजून चिठ्ठीवर दिसतं. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीज) काही जण देतात, विशेषतः रिजेक्शन आणि बीके दोन्ही असताना. महाग आहे आणि पुरावा तोकडा आहे. कुणी तुम्हाला लाखाच्या घरातली इंजेक्शनं सुचवली तर त्याआधी औषधं नीट कमी करून पुरेसा वेळ दिलाय का, एवढं विचारा.

वेळ लागतो हे मात्र मनाशी पक्कं करा. रक्तातून बीके पूर्ण जायला दोन-तीन महिने ही लवकरची गोष्ट, सहा महिनेही लागतात. लवकर पकडला तर बहुतेकांची किडनी वाचते, पण क्रिएटिनिन जुन्या 1.2 वर परत येईलच असं नाही, 1.4-1.5 वर स्थिरावलं तरी मी त्याला चांगला निकाल म्हणेन. उशिरा सापडला आणि बायोप्सीत वण पडलेले दिसले तर चित्र वेगळं. किडनी गेलीच, तरी रक्तातला व्हायरस शून्य झाल्यावर दुसरं ट्रान्सप्लांट करता येतं.

सीएमव्हीची गोळी बंद केल्यामुळे बीके आला का? नाही, वर सांगितलं तसं ती गोळी बीकेवर चालतच नाही. पण सीएमव्ही हा स्वतंत्र विषय आहे आणि भावाच्या बाबतीत तो आत्ताच डोळ्यांसमोर ठेवायला हवा. आपल्याकडे बहुतेक प्रौढांना सीएमव्ही आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे धोका मध्यम. सगळ्यात जास्त धोका डोनर पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह या जोडीत. त्यांना गोळी सहा महिने देतात. या गटात 100 दिवसांऐवजी 200 दिवस दिली तेव्हा वर्षभरातला सीएमव्हीचा आजार सुमारे 37 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आला. तीन महिने गोळी दिली यावरून भाऊ आधीच पॉझिटिव्ह असावा असं वाटतं, तरी ट्रान्सप्लांटच्या आधीचा सीएमव्ही आयजीजी (आधी होऊन गेल्याची अँटिबॉडी) रिपोर्ट दोघांचाही काढून बघा. गोळी बंद झाल्यानंतरचे तीन-चार महिने सीएमव्ही डोकं वर काढण्याचे असतात, आणि एटीजी दिलेल्यांत जास्तच. सहावा महिना म्हणजे अगदी त्या पट्ट्यात.

सीएमव्ही दिसतो कसा? बारीक ताप, गळून जाणं, भूक मरणं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी, यकृताचे एन्झाइम वाढलेले, आणि बरेचदा जुलाब. आतड्यातला सीएमव्ही फसवा असतो. रक्तातला पीसीआर निगेटिव्ह असूनही तो आतड्यात असू शकतो; जुलाब आठ-दहा दिवस चालले तर कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासावा लागतो. उलट बाजू अशी की मायकोफेनोलेटही जुलाब करतं आणि जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते. म्हणून जुलाब लागले की घरी गोळ्या घेऊन थांबू नका, लेव्हल करा.

उपचारात चुका होतात त्या डोसच्या. आजार झाला असेल आणि किडनी व्यवस्थित असेल तर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर 900 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत. गंभीर असेल तर गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून, किलोमागे 5 मिलिग्रॅम दर बारा तासांनी. हे डोस क्रिएटिनिन क्लिअरन्सप्रमाणे, म्हणजे किडनी किती गाळते त्या मापाप्रमाणे, उतरतात. क्लिअरन्स 40 ते 59 असेल तर 450 दोनदा, 25 ते 39 असेल तर 450 एकदा. त्याखाली आणखी कमी. निदान दोन आठवडे, आणि त्रास पूर्ण जाऊन पीसीआर अगदी खाली येईपर्यंत. गोळी महाग आहे म्हणून ‘एकच घेऊ’ असं घरी ठरवणं सगळ्यात घातक. अर्ध्या डोसवर व्हायरस मरत नाही, औषधाला सरावतो, आणि मग पुढची औषधं आणखी महाग आणि मिळायला अवघड. पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर कापण्याचा मोह डॉक्टरांनाही होतो. त्या पाडणारी औषधं तीन असतात: हे, मायकोफेनोलेट आणि न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या इन्फेक्शनसाठीचं कोट्रायमोक्झाझोल. आधी दुसऱ्या दोघांकडे बघायचं, गरज पडली तर पांढऱ्या पेशी वाढवणारी फिलग्रास्टिमची इंजेक्शनं द्यायची, आणि सीएमव्हीचा डोस किडनीच्या हिशोबानं पूर्ण ठेवायचा. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी तोडू नका, चुरू नका. तिची पूड गर्भाला घातक ठरू शकते, म्हणून घरात गरोदर बाई असेल तर तिनं ती हाताळू नये. भावाचा मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा. गोळी चालू असताना आणि नंतर तीन महिने निरोध वापरायचा.

भावाची औषधं आत्ता कमी होताहेत, त्यामुळे सीएमव्हीचा धोका वाढत नाही, कमीच होतो. पण बायोप्सीत रिजेक्शन निघालं आणि स्टिरॉइडचे मोठे डोस किंवा पुन्हा एटीजी द्यावं लागलं, तर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर परत सुरू करायचं का, हे त्याच वेळी विचारा. त्या धांदलीत हे राहून जातं.

घरी काय सांभाळायचं. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट, ताप आला की त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला फोन. स्टिरॉइडवर ताप दबलेला असतो, त्यामुळे 99.5 आणि अंग मोडून आलं तरी कळवा. घरी फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड या वेदनाशामक गोळ्या नाहीत: त्या किडनीला लागतात, आणि डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढवतात. पावसाळ्यात तापाच्या पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस1 आणि सीबीसी करून घ्या. केमिस्टकडून घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल आणलंत तर टॅक्रोलिमसची लेव्हल झपाट्यानं चढते. कोविडच्या नर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर गोळ्यांनी तर ती काही पटींनी चढते. त्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना न विचारता सुरू करूच नयेत. टीबीचं रिफॅम्पिसिन उलट लेव्हल खाली पाडतं. पपनस आणि ग्रेपफ्रूट वर्ज्य. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, गुळवेल, अश्वगंधा वर्ज्य. आपण जे दाबतोय तेच वाढवायचं म्हणजे काय, हा एक भाग. आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या लोकांच्या यकृताला झालेली इजा नोंदवलेली आहे, हा दुसरा.

लसींमध्ये नियम सरळ आहे: जिवंत व्हायरसची लस भावाला नाही. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, नाकात फवारायची फ्लूची, पिवळा ताप, तोंडातून द्यायचा पोलिओ, सगळ्या बाद. फ्लूचं इंजेक्शन दर वर्षी, पावसाळ्याच्या आधी घेतलेलं बरं. हिपॅटायटिस बीची अँटिबॉडी टायटर (पातळी) 10च्या खाली गेली असेल तर बूस्टर. नागिणीसाठीची प्रथिनाधारित लस भारतात 2023 पासून मिळते, जिवंत नाही, देता येते. पण बीके आणि क्रिएटिनिन मार्गी लागल्यावर वेळ ठरवा. घरातल्या मुलांना गोवर आणि कांजिण्यांची लस खुशाल द्या. पोलिओचे डोस मात्र बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतात, म्हणून पल्स पोलिओनंतर महिना-दीड महिना बाळाचे लंगोट भावानं बदलू नयेत. रोटाव्हायरसच्या लसीनंतरही तेच. कांजिण्या आलेल्या मुलाजवळ भाऊ बसला आणि त्याला स्वतःला कधी कांजिण्या झालेल्या नसतील, तर पुरळ यायची वाट बघू नका. इम्युनोग्लोब्युलिन पहिल्या चार दिवसांत उत्तम, दहा दिवसांपर्यंत चालतं, ते मिळालं नाही तर असायक्लोव्हिर. कुत्रा चावला किंवा नुसतं खरचटलं तरी साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन पूर्ण लसीकरण आणि सोबत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन. इतरांना रक्त न आलेल्या ओरखड्याला इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, याला लागतं. केसपेपरवर ‘ट्रान्सप्लांट रुग्ण’ असं लिहून घ्या, नाहीतर ते दिलं जात नाही.

पुढच्या भेटीत विचारायचं ते एवढंच: टॅक्रोलिमस लेव्हल किती आणि किती ठेवायची, डीएसए पाठवलं का, बायोप्सी करणार की थांबणार आणि थांबायचं तर किती दिवस, पुढची बीके तपासणी कोणत्या तारखेला, आणि सीएमव्ही पीसीआर आत्ता एकदा करायचा का. क्रिएटिनिन या दोन आठवड्यांत आणखी चढलं, 1.8 किंवा वर, तर भेटीच्या तारखेपर्यंत थांबू नका.

आईंबद्दल. व्हायरस त्यांच्या किडनीतून आला असण्याची शक्यता चांगलीच आहे, कारण बीके बऱ्याचदा डोनरच्या किडनीसोबतच येतो. पण त्यासाठी कुठलाही डोनर नाकारत नाहीत, नाहीतर डोनर उरणारच नाहीत. त्यांच्या स्वतःच्या उरलेल्या किडनीत तो असेल तर झोपलेलाच राहील, कारण त्यांच्या टी-पेशी शाबूत आहेत आणि त्या कोणतंही दाबणारं औषध घेत नाहीत. त्यांची बीकेची तपासणी करायची गरज नाही, त्यावर पैसे घालवू नका. त्यांचा रक्तदाब, लघवीतलं प्रोटीन आणि क्रिएटिनिन मात्र दर वर्षी बघायचं असतं. भावाच्या धावपळीत त्यांची सहा महिन्यांची तपासणी राहिली असेल तर ती याच आठवड्यात करून घ्या.